गाडीचं हिमोग्लोबिन

परवा सकाळी पार्ल्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीला किल्ली दिली आणि डॅशबोर्डवर दिवाळी झाली. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, इंजिन, सगळे दिवे एकदम. सर्व्हिस सेंटरवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला, बिघाडाच्या ९ कोडांचा कागद काढला आणि १,१८० रुपये घेतले. १,००० कोड वाचून दाखवल्याचे, १८० जीएसटीचे. वर म्हणे एबीएस मॉड्यूल, म्हणजे ब्रेक सांभाळणारा कॉम्प्युटर, बदला, ३८,००० होतील. 'घरी विचारून सांगतो' म्हणून मी सटकलो.

काल नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याच्या आधी तिसऱ्या मजल्यावरचे काका हजर. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून काका फक्त रक्ताचे रिपोर्ट वाचतात; स्वतःचे, आणि सापडले तर दुसऱ्यांचेही. माझ्या हातातला कागद त्यांनी न विचारता घेतला.

"नॉर्मल रेंज कुठाय यात?"

"काका, गाडीचे कोड आहेत ते."

"असू देत. हे यू म्हणजे युरिक ॲसिड?"

"यू म्हणजे नेटवर्क. यू०१२१, एबीएसशी संपर्क तुटला. यू०१००, इंजिनच्या कॉम्प्युटरशी तुटला."

"म्हणजे अबोला!" काकांचा चेहरा उजळला. मग चिपळूणच्या जागेवरून त्यांचा आणि थोरल्या भावाचा कसा अबोला आहे, सातबाऱ्यावर कोणाचं नाव कधी चढलं, हे मी वीस मिनिटं ऐकलं. ऑफिसची वेळ टळून गेली होती.

"आणि हे पी०५६२?"

"व्होल्टेज कमी."

"अरे, मग अशक्तपणा आहे हा! बॅटरी किती?"

इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. १२.६.

"माझं हिमोग्लोबिन पण १२.६!"

"बॅटरीला १२.६ म्हणजे फुल चार्ज, काका."

"मग मलाच का लोहाच्या गोळ्या?" काका गाडीवर खरोखरच रुसले.

इलेक्ट्रिशियनने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनला टेकवली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. आकडा १.८ वर गेला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. "अर्थिंग गेलंय, साहेब." बॅटरीखाली, बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट, पार्ल्याच्या चार पावसाळ्यांनी त्याचा पापुद्रे सुटलेला शंकरपाळा केला होता. स्टार्टर करंट ओढणार, व्होल्टेज कोसळणार, मॉड्यूल्स बेशुद्ध पडणार आणि शुद्धीवर आल्यावर एकमेकांच्या नावाने बोंबलणार. त्याने बोल्ट पॉलिश पेपरने घासला, आवळला, कोड पुसले. दिवे गेले. ३०० रुपये.

"गंज म्हणजे लोहच की नाही?" काका म्हणाले. "मी काय सांगत होतो!" संध्याकाळपर्यंत वॉचमनलाही कळलं होतं की निदान काकांनी केलं.

मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. स्कॅनिंगचे पैसे परत मिळत नाहीत, सर. एका बोल्टपायी अडतीस हजार सांगताना यांची जीभ कशी अडखळत नाही? तक्रार करायची तर तो छापील कागद घेऊन या, म्हणाले.

कागद काकांच्या फायलीत आहे, शुगर आणि थायरॉइडच्या मध्ये. मागायला गेलो तर म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. सहा महिन्यांनी परत काढ, मग ताडून बघू."