डिझायनर 4

फेस्टिव्हलच्या बॅजचा पट्टा काल रात्रीच गळ्यातून काढला, राग मात्र अजून तिथेच लटकतोय.

झालं असं की टीमला हल्ली नवीन काही सुचत नाही असा सरांना साक्षात्कार झाला आणि त्यांनी आम्हा चौघांना दोन दिवसांच्या डिझाईन फेस्टिव्हलला नेलं, येताना प्रत्येकाने पाच इन्स्पिरेशन आणायची या अटीवर. एक्सेलमध्ये. कॉलम आधीच आखलेले: अनुक्रमांक, इन्स्पिरेशन, स्रोत, कुठल्या प्रोजेक्टला वापरणार. भाजी आणायला पाठवल्यासारखं.

आता माझ्या बॅजवर छापलं होतं ‘डिझायनर 4’. नोंदणी झाली तेव्हा कोण जाणार ते ठरलं नव्हतं म्हणून ऑफिसमधून डिझायनर 1, 2, 3, 4 असं टाकून ठेवलं, नंतर तिघांची नावं भरली, माझं राहिलं. हेल्पडेस्कला गेलो. तिथल्या पोराने बॅजवर स्कॅनर मारला.

“बरोबर आहे सर. तुम्ही डिझायनर 4.”

“अहो ते नाव नाहीये.”

“सिस्टीममध्ये आहे ना सर. फर्स्ट नेम डिझायनर, लास्ट नेम चार.”

“घरच्यांनी वेगळं ठेवलंय हो.”

“आयडी आहे का?”

दाखवला. त्याने आयडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि चेहरा पाडून म्हणाला, “सर, हे डिझायनर 4 शी मॅच होत नाहीये. मग हा बॅज मी तुम्हाला देऊ शकत नाही.”

म्हणजे नाव दुरुस्त करायला गेलो आणि बॅजच जायची वेळ आली. शेवटी एका कागदावर ‘मीच डिझायनर 4’ असं लिहून खाली सही केली. सही खऱ्या नावाची. तिकडे त्याने बघितलंही नाही.

बरं छापलं तरी कसं, तर ‘डिझायनर’ डाव्या टोकाला आणि ‘4’ उजव्या टोकाला, मध्ये एवढी मोकळी जागा की दोघांचं भांडण झालंय असं वाटावं. आणि हा डिझाईनचा फेस्टिव्हल! आत हॉलमध्ये एक जण अक्षरांमधल्या अंतरावर पाऊण तास बोलत होता.

एका भिंतीवर ‘तुम्हाला काय सुचलं ते इथे चिकटवा’ म्हणून रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवलेले. आता या चिठ्ठीचीच गोष्ट घ्या. थ्रीएम या अमेरिकन कंपनीतला स्पेन्सर सिल्व्हर 1968 साली दणकट गोंद बनवायला बसला आणि झाला कच्चा, नीट न चिकटणारा. पुढे काही वर्षं त्याचं काय करायचं हे कोणाला कळेना. मग 1974 मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला, चर्चमध्ये गाताना पुस्तकातली खुणेची कागदं सारखी गळून पडायची म्हणून, तो गोंद आठवला. आणि या चिठ्ठ्या बाजारात सगळीकडे यायला 1980 उजाडलं. यात फेस्टिव्हल कुठे आहे? एक्सेल कुठे आहे? डिझायनर मिल्टन ग्लेसरला न्यूयॉर्कचा तो लाल बदामवाला लोगो 1976 मध्ये टॅक्सीत सुचला, पाकिटाच्या फाटक्या कागदावर लाल क्रेयॉनने काढला. हे मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले टॅक्सीचं बिल मिळणार नाही.

तर त्या भिंतीपाशी कोरी चिठ्ठी हातात घेऊन उभा असताना एक गृहस्थ आले. गोल चष्मा, अंगभर काळं. माझ्या छातीकडे टक लावून बघायला लागले.

“हे तुमचं?”

“हो, गळ्यातच आहे ना.”

“नाही, कन्सेप्ट तुमचा?”

“कन्सेप्ट नाही हो, चूक झालीये त्यांची.”

“वा! म्हणजे तुम्ही याला चूक म्हणता.” हे त्यांनी डोळे मिटून म्हटलं.

“खरंच चूक आहे.”

“अगदी, अगदी. भूमिका सोडायची नाही. पण चारच का? तीन का नाही?”

“तीन नंबर ती काय तिकडे उभी आहे. तिचं नाव दुरुस्त झालं.”

त्यांनी तिकडे वळून खेदाने मान हलवली. “म्हणजे तिने शरणागती पत्करली.”

मी गप्प. ते आणखी जवळ आले, बॅजवर जवळजवळ नाक टेकवलं. “आणि ही मधली पोकळी. माणूस आणि त्याचा नंबर यांच्यातली. मुद्दाम?”

इथे माझं चुकलं. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी कामाबद्दल आदराने बोलत होतं, मोह झाला, मी म्हटलं, “हो, मुद्दाम.” त्यांनी पटकन फोटो काढला आणि गेले. नाव विचारलं नाही. कशाला विचारतील, समोर लिहिलेलं होतं की.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये तेच गृहस्थ स्टेजवर, आणि मागे भिंतीएवढ्या स्क्रीनवर माझा बॅज. हनुवटीच्या वर कापलेला मी. कोपऱ्यात बारीक अक्षरात फोटो अमुक अमुक, म्हणजे तेच. ‘ओळख हरवलेला कारागीर’ यावर ते वीस मिनिटं कळवळून बोलले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

आता हसू येतं, पण आमच्या धंद्यात नेहमी हेच चालतं. अवॉर्डची एंट्री भरताना वर कोणाची नावं, तर मीटिंगला बसलेल्यांची, ज्याने रात्री तीनला चौदावी आवृत्ती काढली तो ‘आणि टीम’. नायकेची ती बरोबरची खूण काढायचे कॅरोलिन डेव्हिडसनला 1971 मध्ये 35 डॉलर मिळाले, बारा वर्षांनी कंपनीने शेअर आणि अंगठी दिली. तिचं निदान नाव तरी आपल्याला माहीत आहे.

शेजारी सर टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे झुकून म्हणाले, “बघ, असं सुचलं पाहिजे.”

“सर, तो मी आहे.”

“कुठे?”

“तो बॅज. माझा आहे.”

त्यांनी स्क्रीन बघितली, माझी छाती बघितली. “हो, पण फोटो त्यांनी काढला ना.”

आज सकाळी एक्सेल आली. पहिल्याच ओळीत इन्स्पिरेशन: बॅज. स्रोत: त्या गृहस्थांचं पूर्ण नाव, पदासकट. आणि खाली पिवळ्या रंगात, डिझायनर 4 यांच्या पाच ओळी रिकाम्या आहेत, संध्याकाळपर्यंत भराव्यात.