‘सगळे आफ्रिकन एकत्र चालतात’ म्हणे, कुणाच्या टँकमध्ये?

महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांकडनं आला. एकानं तर रात्री साडेअकराला पाठवून वर विचारलं, भावा हे खरं हाय का. मेसेज असा: आफ्रिकन सिक्लिड (घरच्या काचेच्या टँकमध्ये पाळतात ते रंगीत मासे) सगळे एकाच जातकुळीतले, कुठलेही घ्या, एकत्र चालतात. फक्त सारख्या साइझचे घ्या, टँक गच्च भरा म्हणजे भांडत नाहीत, पाण्यात खडेमीठ टाका, सगळ्यांना एकच खाणं घाला, चार दिवसांत टँक सेट. खाली रंगीबेरंगी फोटो, आणि फोटोत मधोमध कोण तर रेड पॅरट! जो आफ्रिकेतला तर नाहीच, निसर्गातला पण नाही, अमेरिकेकडच्या सिक्लिडांचा संकर करून माणसानं काढलेला मासा आहे तो. फोटोपासूनच गाडी घसरलीय म्हणा ना.

तर पहिलं, ‘एकाच जातकुळीतले’. आमच्याकडं निम्मे दुकानदार सिचलिड म्हणतात, चालतंय, नावात काय नाही. पण आफ्रिका म्हणजे काय एक हौद नाही. दुकानात जे आफ्रिकन म्हणून मिळतात ते बहुतेक मलावी तळ्यातले, थोडे टांगानिका तळ्यातले, क्वचित व्हिक्टोरियातले. एकट्या मलावीतच शेकड्यांनी जाती आहेत. शिवाय नायजेरियाकडच्या नदी-ओढ्यातला क्रिबेन्सिस पण आफ्रिकन सिक्लिडच, त्याला मऊ म्हणजे कमी क्षारांचं पाणी मानवतं, ह्या तळ्यातल्यांना कडक. आणि बाजारात किलोवर मिळते ती चिलापी, ती पण आफ्रिकन सिक्लिडच की! १९५२ साली आपल्या देशात आणली. मेसेजच्या हिशोबानं तिला पण सोडा मग टँकमध्ये. खासबागेत कुस्तीची जोड लावताना वजन बघतात, तयारी बघतात, दोघं पण कोल्हापूरचेच आहेत तर लावा जोड असं कोण म्हणत नाही.

बरं तळं एकच असलं तरी भागत नाही. टांगानिकातला मल्टी म्हणून एक चिमुकला मासा आहे, दीड-दोन इंचाचा, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात संसार करतो. त्याच तळ्यातला फ्रंटोसा फूटभर होतो आणि पहाटेच्या अंधारात, बाकीचे मासे अजून सुस्त असताना, त्यांना गिळतो. दोघांचं गाव एक, पण एका घरात ठेवलात तर सकाळी मोजणी करावी लागेल.

मलावीत दुकानाच्या दृष्टीनं मोटामोटी दोन गट धरा. एक म्हणजे म्बुना, खडकात राहणारे, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे आणि चोवीस तास हद्दीसाठी भांडणारे. दुसरे पीकॉक आणि हॅप, जास्त मोकळ्या पाण्यातले. पीकॉक त्यातल्या त्यात सभ्य, म्बुनाच्या धसमुसळेपणापुढं दबून कोपरा धरतो आणि रंगच टाकून देतो. ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच जातो. काही जण म्हणतील आमच्याकडं इलेक्ट्रिक यलो आणि पीकॉक वर्षानुवर्षं चाललेत. बरोबर आहे, कारण इलेक्ट्रिक यलो हा म्बुनातला सगळ्यात गरीब स्वभावाचा. तिथं ऑराटस किंवा केनयी असले तापट म्बुना टाकून बघा.

केनयीवरनं आठवलं, हे माझ्याच टँकमध्ये झालंय. एका दुकानातनं ‘मिक्स आफ्रिकन’ दहा पीस आणले, त्यात दोन निळे, उभ्या पट्ट्यांचे. दुकानदार म्हणाला निळे-पिवळे कॉम्बिनेशन मस्त दिसतंय, घ्या की. दिसत होतं पण मस्त. पाच-सहा महिन्यांनी त्यातला एक निळा हळूहळू मळकट झाला, मी म्हटलं आजारी पडला, औषध आणायच्या तयारीत होतो, आणि बघता बघता तो पिवळा झाला. केनयीत लहानपणी सगळे निळे, मोठेपणी नर पिवळा होतो, मादी निळीच राहते. आता आधीपासनं टँकमध्ये इलेक्ट्रिक यलो होतेच, ह्याला वाटलं सगळे पिवळे आपलेच दुश्मन, कारण सिक्लिड नर आपल्यासारखा दिसणारा दुसरा नर आधी धरतात. तीन दिवसांत माझा सगळ्यात मोठा यलो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागं, शेपटी झालरीसारखी फाटलेली, अंगावरचे खवले गेलेले, खायला टाकलं तरी खाली यायचा नाही. तिसऱ्या रात्री गेला. साइझ दोघांची सेमच होती बरं का.

म्हणून ‘सारख्या साइझचे घ्या’ हा मुद्दा दुकानापुरता आहे. टबात सगळेच दोन इंचाचे असतात. व्हीनस्टस हा हॅप दोन इंचाचा घेतलात तर तो दहा इंचाचा होतो आणि आधीपासनंच शिकारी असतो. त्याचाच भाऊबंद लिव्हिंगस्टोनी, हा तर नाटकी. तळाला आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो, बारकी पिल्लं हुंगायला आली की उठतो आणि गट्टम. साइझ बघायचीच तर पूर्ण वाढीची बघा. दोन फुटी टँकमध्ये जेमतेम ५५ लिटर पाणी बसतं, त्यात ह्यातलं काहीच बसत नाही. चार फुटापासनं पुढं बोला.

आता ‘गच्च भरा म्हणजे भांडत नाहीत’. ह्यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असतं म्हणूनच असले मेसेज चालतात. म्बुना जास्त असले की दादा माशाचा राग एकावर न निघता दहा जणांत वाटला जातो, हे अनुभवाचं आहे. पण त्याला चार फुटी टँक, दगडांच्या भरपूर कपारी, एका नराला तीन-चार माद्या, सगळे शक्यतो एकदम सोडलेले आणि दुप्पट ताकदीचा फिल्टर लागतो, आठवड्याला पाणी बदलायचं ते वेगळं. मेसेजमध्ये फिल्टरचा फ सुद्धा नाही. मी पण एकेकाळी चार फुटीत चाळीस ठेवले होते, मिजाशीत. जुलै २०२१ च्या महापुरात आमच्याकडं पाणी शिरलं नाही पण लाईट गेली आणि नळ पण बंद. फिल्टर बंद, पंप बंद, बदलायला पाणी नाही. मी आणि पुतण्या रात्रभर मगनं टँकचंच पाणी वर उचलून परत आत ओतत बसलो, तेवढीच हवा मिळावी म्हणून, सकाळपर्यंत अकरा मासे पोट वर करून. पंचवीस असते तर कदाचित निभावलं असतं. बॅटरीवरचा एअर पंप तेव्हापासनं कपाटात कायम.

मिठाचं तर काय बोलावं. म्हणे आफ्रिकेचं पाणी खारं असतं. अरे ही गोड्या पाण्याची तळी आहेत, समुद्र नाही. तिथलं पाणी कडक आहे, म्हणजे त्यात चुना, मॅग्नेशियम, कार्बोनेट विरघळलेले, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मलावीत साधारण ७.८ ते ८.६, टांगानिकात त्याहून वर. खडेमीठ टाकून ह्यातलं काहीच वाढत नाही, नुसतं मीठ वाढतं. आपल्याकडं ‘विषय हार्ड’ म्हणतात तसं इथं पाणी खरंच हार्ड लागतं. त्याला कोरलचा चुरा फिल्टरात पिशवीत घालून ठेवा, गरज पडली तर खायचा सोडा, पण मापानं आणि हळूहळू. माझ्याकडं नळाच्या पाण्याचा पीएच साडेसाताच्या आसपास येतो, बोअरचा आठला टेकतो, तुमच्या गल्लीत वेगळा येईल, टेस्ट किट घ्या. आणि एक गोष्ट जोडून बघा, पीएच वाढला की माशांच्या घाणीतनं होणारा अमोनिया तेवढाच असला तरी जास्त विषारी होतो. म्हणजे आफ्रिकन पाण्यात गच्च भरलेला टँक आणि कमजोर फिल्टर ही सगळ्यात वाईट जोड.

खाण्याचं थोडक्यात. म्बुनाचं आतडं लांब, शेवाळाच्या खाण्यासाठी झालेलं. त्याला शिकारी हॅपचं खाणं, बीफ हार्ट वगैरे रोज घातलं की पोट फुगतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते, खाणं सोडतो, आणि चार-पाच दिवसांत खेळ खलास. मलावी ब्लोट म्हणतात त्याला. ताण, खराब पाणी ही पण कारणं असतात त्यात, पण आपल्या हातात खाणं आहे ना. स्पिरुलिनावालं, म्हणजे शेवाळाचं खाणं घाला, कमी घाला. व्हीनस्टसला त्यावर ठेवलंत तर तो शेजाऱ्याकडं बघणार. एका टँकात दोन पंगती वाढता येत नाहीत.

मग ठेवायचं काय, तर चार फुटीत पहिल्यांदा करणाऱ्याला मी इलेक्ट्रिक यलो, रस्टी आणि यलो टेल एसी सांगतो. तिघं पण म्बुनातले सौम्य, खाणं सारखं, रंग वेगळे, त्यामुळं भांडण कमी आणि संकराची पिल्लं पण सहसा होत नाहीत. दगड आपला काळा चालतो, पीएचला हात लावत नाही, फक्त आधी दगड तळाला पक्का बसवा आणि मग वाळू घाला, हे लोक वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड काचेवर येतो. एका मित्राची पुढची काच अशीच गेली, हॉलमध्ये दोनशे लिटर पाणी आणि वहिनी माहेरी.

माझा तो केनयी अजून आहे. गडहिंग्लजच्या एका दोस्ताला दिला, तीन फुटी टँकमध्ये एकटाच असतो, संध्याकाळी लाईट लावली की काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून त्याला ढुसण्या देत बसतो.