तालवाद्यांचे कपाट

शाळेच्या बँडमधला बासरीवाला सराव संपला की आपली बासरी पेटीत घालून घरी नेतो, ट्रम्पेटवालाही नेतो. तालवाद्ये मात्र सगळ्यांची असतात, म्हणजेच कोणाचीही नसतात, आणि ती आवरण्याचे काम बैठकीत ज्याच्या तोंडून ‘बघतो मी’ एवढे दोन शब्द निसटतात त्याच्या गळ्यात पडते. आमच्या बँडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली ती अशी.

मोठ्या वाद्यांबद्दल माझी तक्रार नाही. बेस ड्रम हरवत नाही. कोणी हरवायचा म्हटला, तरी आधी तो दारातून बाहेर काढावा लागतो. छळ होतो तो चिमुकल्या वस्तूंचा. ड्रमची चावी अंगठ्याएवढी, चौकोनी भोकाची असते आणि तिच्यावाचून बहुतेक ड्रमचे पडदे ताणता येत नाहीत. एक बोल्ट पिळला की त्याच्या शेजारचा न पिळता समोरचा पिळायचा, म्हणजे पडदा सर्व बाजूंनी सारखा ताणला जातो, हे मुलांना तोंडपाठ आहे. त्यानंतर चावी जागेवर ठेवायची असते, ही पायरी मात्र त्यांच्या अभ्यासक्रमात नाही. शोधणे सोपे जावे म्हणून मी चावीला लाल फीत बांधली. पुढे फीत सापडली.

झांजेच्या स्टँडवरच्या फेल्टच्या चकत्यांची तीच गत. त्या नसल्या तर झांज थेट लोखंडावर घासते आणि मधल्या भोकापाशी तडकू शकते. हे मी पोटतिडकीने सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी चकतीच्या जागी खोडरबर आला, आणि त्याला भोक इतके सुबक पाडलेले होते की रागावणे मला जमले नाही. काठ्यांविषयी एवढेच सांगतो, की डब्यात काठ्या रग्गड आहेत, पण जोडी एकही नाही. टिंपनीला, म्हणजे कढईच्या आकाराच्या मोठ्या ड्रमला, तर सारा बँड टेबलच समजतो. तिच्यावर ‘काहीही ठेवू नये’ अशी पाटी मी स्वतः ठेवली आहे.

शेवटी प्रत्येक फळीवर त्या त्या वाद्याची बाह्यरेषा खडूने आखली. टॅम्बोरिनच्या वर्तुळात ट्रँगल विराजमान झालेला पाहून मी खुलासा मागितला, तेव्हा उत्तर आले, “सर, तिथे मावत होता.” साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल करून ठेवा, असे कितीही बजावले तरी त्या ताणलेल्याच राहतात, त्यामुळे बाहेर ट्रॉम्बोन वाजू लागला की बंद कपाटातून कोणीतरी दात खात असल्यासारखी चरचर ऐकू येते.

मग नोंदवही ठेवली आणि तिला दोऱ्याने पेन बांधले. आठवडाभरात दोरा गायब झाला. तो मिळाला तेव्हा त्याला ट्रँगल टांगलेला होता, आणि पट्ट्याला बांधल्यावर जो ट्रँगल नुसता ठक्क करायचा, तो बारीक दोऱ्यावर मोकळा लटकत असल्याने चांगला खणखणीत वाजत होता. दोरा मी तिथेच राहू दिला. पेनाचा तपास चालू आहे.