‘निसर्गापुढे कुणाचं काय चालतं’ या मेसेजला उत्तर

पूर आला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज परत फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, अधिकारी बिचारे रात्रंदिवस राबतात, लोकच सांगून घर सोडत नाहीत, केंद्राचे पैसे आल्याशिवाय राज्य तरी काय करणार, आणि संकटात राजकारण नको, प्रश्न नंतर विचारा. घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला म्हणून लिहायला बसलो.

आधी निसर्गाचं बघू. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात सुपर सायक्लोन आलं, जवळपास दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच राज्यात गोपाळपूरजवळ फायलिन धडकलं, तेही घरंदारं उडवणारंच, पण मृत्यू शंभराच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत राज्याने आपत्तीसाठी वेगळी यंत्रणा उभी केली, किनाऱ्यावर निवारे बांधले आणि फायलिनच्या आधी लाखो लोक हलवले. वादळ थांबवा असं कुणीच म्हणत नाहीये हो, वादळाच्या आधीचे दोन दिवस कुणाच्या हातात होते एवढंच विचारतोय.

आता ‘लोकच ऐकत नाहीत’. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. तिथली माणसं घर सोडायला तयारच होती, पाण्यातून बाहेर पडायलाच ती बोटीत बसली, गावातलीच बोट, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, ती उलटली आणि बायका-पोरांसकट डझनभराहून जास्त जीव गेले. कुणी ऐकलं नव्हतं सांगा? आणि जे खरंच मागे थांबतात ते का थांबतात हे गोठ्यात जाऊन बघा. पाणी उंबऱ्याला लागलेलं, दोन म्हशी दाव्याला, एक गाभण, आणि बाहेर स्पीकरवरून सांगतायत की शाळेत चला. शाळेत म्हशीला जागा आहे का? दावं सोडून दिलं तर वर्षभराचं दूध वाहून जाणार, ती बाई हट्टी नाहीये, तिचा हिशोब बरोबर आहे. बांगलादेशात किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधलेत, त्यांना किल्लाच म्हणतात. म्हणजे हे कुणाला सुचत नाही अशातला भाग नाही.

पैशाचं थोडक्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी राज्याकडेच असतो, महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के. पहिल्या दिवशीचं जेवण, पाणी, निवारा यासाठी दिल्लीच्या पॅकेजची वाट बघायची गरज नसते. पॅकेजवर भांडा, जरूर भांडा, पण तो पुढचा विषय.

अधिकारी राबतात हे मला मान्य आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले तलाठी आणि पोलीस मी बघितलेत, त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण जबाबदारी म्हणजे कष्ट नव्हे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पदं सरळ लिहून देतो, देशात प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. गाड्या, जागा ताब्यात घ्यायचा अधिकार दिलाय, जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अपडेट करा असंही सांगितलंय. मग ‘सगळ्यांचीच जबाबदारी’ हे कुठून आलं? सगळ्यांची म्हटली की कुणाच्याच टेबलावर फाईल नसते.

राहिलं ‘प्रश्न नंतर विचारा’. २०१९ लाच पाणी चढलेलं असताना सरकारी आदेश निघाला होता की घर दोन दिवस पाण्यात असेल तर मोफत गहू-तांदूळ. हा निकष तेव्हाच विचारायचा की चूल पेटल्यावर? नंतर म्हणजे पंचनामे, मग अधिवेशन, मग निवडणूक, मग पुढचा जून.

म्हणून आमच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलंय की मे महिन्यात जिल्ह्याचा आराखडा मागणार, आपल्या गावापुढे किती बोटी लिहिल्यात, त्या कुठे ठेवल्यात आणि इंजिन शेवटचं कधी चालू करून बघितलं ते विचारणार. बरोबर कोण येतंय ते सांगा.