दीड तासाच्या तक्रारीवर दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. "दीड तास बसवून ठेवलं, तीनशे रुपये घेतले, काम केलंच नाही, वर पोलिसांची भीती घातली. येत नसेल तर सरळ येत नाही म्हणावं." तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. त्या दिवशी एकदा माझा आवाज चढला. तुमच्या मातोश्री शेजारी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर तर तसं व्हायलाच नको होतं.

पण तुमच्या पणजोबांच्या रिव्हॉल्वरवर गेलेल्या त्या दीड तासाबद्दल मला बोलावंच लागेल. तुमचं लिहिणं वाचून जतहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमच्याकडं बंदूक दुरुस्तीला दिली की पोलिसात जाते म्हणं?" आजोबांपासून सांगलीत हे दुकान आहे. असा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता.

तुम्ही आलात तेव्हा 12 वाजून 10 मिनिटं झाली होती. शिराळ्याचे एक शेतकरी बारा बोअरची बंदूक न्यायला आले होते, त्यांना गाडी पकडायची होती आणि मी रजिस्टरला त्यांची नोंद करत होतो. तुम्ही भडंगाच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून काउंटरवर ठेवलीत. फडकं उलगडलं आणि मी पेन खाली ठेवला. काडतुसं भरायच्या फिरत्या सिलिंडरच्या कडेला दोन बारीक पितळी खिळे वर आलेले होते, हिरवा गंज चढलेले.

ते खिळे दिसले म्हणजे आत काडतूस आहे. या जातीला पिनफायर म्हणतात. फ्रान्सच्या कासिमिर लफोशोनं 1830च्या दशकात ही पद्धत आणली. काडतुसाच्या अंगातूनच एक खिळा बाहेर येतो आणि घोडा त्याच्यावर पडतो. घोडाच पडायला पाहिजे असंही नाही, फरशीवर नीट आपटलं तरी पुरतं. तुम्ही ते मिरजेहून गाडीच्या डिकीत घालून, सगळे गतिरोधक ओलांडत आणलं होतं. म्हणून मी दुकानातल्या पोराला बाहेर पाठवलं, शिराळ्याच्या पाहुण्यांना बाहेर उभं केलं, तुम्हालाही उठवलं. "हात लावू नका" हे मी ओरडून म्हणालो ते तेव्हा. माझा आवाज चढला तो इथं. पहिली 20 मिनिटं यात गेली.

पुढची 35 मिनिटं तेलाची. सिलिंडर गंजानं धरला होता. तो ठोकून सोडवता येत नाही, आत दोन जिवंत काडतुसं असताना तर नाहीच. तेल सोडायचं आणि थांबायचं. मी मोबाईल बघत बसलो होतो असं तुम्ही लिहिलंय. मी घड्याळ बघत होतो.

काडतुसं निघाल्यावर भिंग लावून 20 मिनिटं ती वस्तू पाहिली, आणि मनापासून सांगतो, अशी वस्तू हातात यायला नशीब लागतं. मूठ म्हणजे बोटांत घालायचं लोखंडी कडं, ते दुमडून आत येतं. खाली वाकडंतिकडं दुमडतं पातं. नळी नाहीच, सहा भोकांचा सिलिंडर हीच काय ती नळी. बेल्जियममधल्या लिएज गावच्या लुई डोल्नची ही रचना, 7 मिलिमीटरची. पुढं पॅरिसच्या अपाश नावाच्या गुंड टोळ्यांवरून तिला अपाची रिव्हॉल्वर हे नाव पडलं. पणजोबांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून आणली असं मातोश्री म्हणाल्या, ते खरं असू शकतं. कट्यारीच्या दोन्ही अंगांना पिस्तुलं बसवलेली हत्यारं आपल्याकडंही होती, तेव्हा एका मुठीत दोन-तीन हत्यारं ही कल्पना काही फक्त फिरंग्यांची नव्हे.

भिंगाखाली काय दिसलं ते तुम्हाला दाखवलं होतं, आठवत असेल. लंबगोलात ईएलजी ही अक्षरं आणि खाली चांदणी, म्हणजे लिएजच्या बंदूक-तपासणी केंद्राचा छाप. 1893पासून त्या छापावर मुकुट आला. तुमच्या छापावर मुकुट नाही. म्हणजे वस्तू त्याआधीची, काळ्या दारूच्या हिशेबानं तपासलेली. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये 1884 साली निघाली, तिचा दाब काळ्या दारूपेक्षा खूप जास्त, आणि आजची काडतुसं तिचीच.

आता तुम्ही मागितलेलं काम. "आजची .32ची काडतुसं चालतील असं करून द्या, नवा सिलिंडर बसवा." साहेब, .32ची गोळी जवळपास 8 मिलिमीटरची. भोक 7चं. मोठं करायचं तर दोन भोकांमधली भिंत, जी आधीच नखाएवढी आहे, ती आणखी पातळ होणार. आणि ती फुटली तर तिच्या मागं तुमची बोटं आहेत, त्याच लोखंडी कड्यात अडकलेली. 31 वर्षं मी या बाकावर बसतोय. ठासणीच्या बंदुकांचे घोडे बसवलेत, संस्थानी काळातल्या दुनळीचे चाप हातानं घासून केलेत. येत नाही म्हणून नाही म्हटलं नाही. तुमचं "येत नसेल तर" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटची 15 मिनिटं आपण कायद्यावर बोललो. त्यालाच तुम्ही भीती घालणं म्हणता. तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ दाखवलेत. तिथं 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार पुरातन धरतात, हे खरं आहे. लेमॅट या अमेरिकी यादवी युद्धातल्या जुन्या रिव्हॉल्वरचंही उदाहरण दिलंत, पण इटलीत बनतात त्या लेमॅटच्या नव्या प्रतिकृती, जुन्याला हात लावलेला नसतो. आपल्या 1959च्या शस्त्र कायद्यात साल दिलेलंच नाही. कलम 45 म्हणतं, जुन्या धाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण कधी, तर दुरुस्ती करून किंवा न करताही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच. म्हणजे तुमच्या पणजोबांची वस्तू बिनपरवाना घरात राहण्याची जी एक वाट आहे, ती नेमकी ती चालत नाही यावर उभी आहे. मी ती चालती करून दिली असती तर ती वाट मीच बुजवली असती.

शिवाय माझा परवाना विक्री आणि दुरुस्तीचा आहे. नवा सिलिंडर करणं म्हणजे हत्याराचा भाग तयार करणं. एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात परवान्याशिवाय बदलायला बंदी आहे, हे 2019च्या कायदादुरुस्तीनंतर कलम 6 मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि शिक्षा किमान 7 वर्षं ते जन्मठेप. मला आणि तुम्हाला, दोघांनाही. मला दोन मुली आहेत. धाकटी यंदा बारावीला आहे.

आणि पोलिसांचं म्हणाल तर मी तुमची तक्रार केलेली नाही. दोन जिवंत काडतुसं बिनपरवाना पिशवीत घालून परत मिरजेला जाऊ द्यायला मी तयार नव्हतो, एवढंच. दुकान बंद करून, जेवण तसंच ठेवून मी तुमच्यासोबत ठाण्यात आलो. काडतुसं आणि रिव्हॉल्वर स्वतःहून नेऊन दिली याची पोच तुमच्या नावानं मिळाली. घरात सापडणं आणि स्वतः नेऊन देणं यात किती फरक आहे, हे तुम्ही कुणाही वकिलाला विचारा.

तीनशे रुपये हा तपासणीचा दर बोर्डावर लिहिलेला आहे, पण तुम्हाला तो दिसला नसेल. पैसे पाकिटात घालून ठेवलेत, घेऊन जा.

बोर्ड आता मोठ्या अक्षरात करून घेतोय. बसायची सोयही जरा सुधारतो. आणि जुनी वस्तू आणण्याआधी फोन करा, अशी सूचना बाहेर लावायचा विचार आहे.

तुमच्या पुढच्या कामाचं सांगतो. पोचपावतीची झेरॉक्स काढून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत लेखी अर्ज द्या. रिव्हॉल्वर चालण्याजोगी नाही असा बॅलिस्टिक (बंदुका-गोळ्या तपासणाऱ्या) तज्ज्ञाचा अहवाल झाला, तर कलम 45खाली ती परत मागता येईल. पणजोबांच्या किंवा आजोबांच्या नावाचा जुना परवाना ट्रंकेत कुठं असेल तर तोही शोधा. वारसानं परवाना मिळतो, मात्र त्यालाही दोनच हत्यारांची मर्यादा आहे. छापाचे फोटो, मोजमापं आणि माझं निरीक्षण असा एक कागद मी टाईप करून ठेवलाय, अर्जाला जोडता येईल. त्याचे पैसे नाहीत. गंज काढायला कुणाला देऊ नका, पॉलिश तर मुळीच नको, छाप पुसला जाईल.

कागद आणि पाकीट दोन्ही गल्ल्यात आहेत. शनिवारी दुकान 2 वाजेपर्यंतच उघडं असतं. मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.