काका बाप्टिस्टा आणि आमची बार रूम

नाशिकच्या पोरासोरांना जॅक्सनचा वध तोंडपाठ असतो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, नाटकाला आलेला कलेक्टर आणि पिस्तूल घेऊन बसलेला अनंत कान्हेरे. मग १९ एप्रिल १९१०, ठाण्याचा तुरुंग. कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर. गोल्फ क्लबच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव आहे, ते योग्यच. पण पुढे सावरकर आणि इतरांवर नाशिक कटाचा खटला चालला तेव्हा आरोपींच्या बाजूने उभं कोण राहिलं, असं विचारून बघा. सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्येसुद्धा बहुतेक जण छताकडे बघतील.

जोसेफ बाप्टिस्टा. लोक त्यांना काका म्हणत. जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला माणूस. पुण्यात इंजिनिअरिंग, मग जंगल खात्यात नोकरी, मग केंब्रिज आणि बॅरिस्टरी. हायकोर्टात व्यापाऱ्यांचे दावे चालवून बंगला बांधता आला असता. हा गडी टिळकांच्या मागे उभा राहिला. १९०८ च्या राजद्रोह खटल्यात सरकारने स्पेशल ज्युरी, म्हणजे निवडक यादीतले पंच मागितले तेव्हा विरोध बाप्टिस्टांनीच केला. विरोध कशाला, ते निकालात दिसलं: सात युरोपियन, दोन पारशी, आणि कौल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता! टिळकांना सहा वर्षं.

नाशिकचा खटला तर त्याहून अवघड. १९०८ च्या कायद्याने तीन न्यायमूर्तींचं खास न्यायपीठ, ज्युरी नाही, अपील नाही. समोर स्कॉट, चंदावरकर, हीटन. सरकारच्या हातात माफीचे साक्षीदार. आणि सावरकर म्हणतात, हे कोर्टच मी मानत नाही. बचावाचं काम केलेल्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल. फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात सावरकरांना झालेल्या अटकेचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला होता, पण त्याचा निकाल यायच्या आत इथे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावून मोकळे.

मला हरलेला वकील जास्त कळतो. जिंकलेल्या खटल्यात पुरावा कच्चा होता की वकील पक्का, हे सांगणं अवघड असतं.

आता कुणी म्हणेल, बाप्टिस्टांना आरोपींबद्दल आपुलकीच होती, त्यात काय मोठंसं? बरोबर आहे. खरी कसोटी तिथे, जिथे आरोपीचं तोंड बघायची इच्छा होत नाही. गावात एखादा भयंकर गुन्हा झाला की लगेच ठराव होतो, ‘आमच्यापैकी कुणीही वकीलपत्र घेणार नाही.’ टाळ्या पडतात, पेपरात फोटो येतो. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच असे ठराव बेकायदेशीर ठरवलेत, पण ठराव काही थांबत नाहीत. मला हे ठराव भेकड वाटतात. राग व्यक्तिगत असू द्या, मलाही येतो. पण रिमांडला आणलेला माणूस एका हाताला पोलिसाने धरलेला, दुसऱ्या हाताने भिंतीवर कागद टेकवून वकीलपत्रावर सही करतो, सही येत नसेल तर अंगठा. तेव्हा त्याच्यात आणि सरकारच्या सगळ्या ताकदीत मध्ये तेवढाच कागद असतो. तो कागद घ्यायचाच नाही, असं आपणच ठरवायचं?

बाप्टिस्टा पुढे १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, टपालवाल्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी झटले, १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद भूषवलं. त्यांच्या नावाची बाग माझगावच्या टेकडीवर आहे. नाशकात काही असेल तर निदान माझ्या नजरेस पडलेलं नाही.

बागेचा आग्रह नाही माझा. लॉ कॉलेजच्या मुलांनी मूट कोर्टाला, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टात, हा नाशिकचा खटला घ्यावा. चतुर्भुज अमीन, लंडनच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला आचारी, पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं इकडे घेऊन आला आणि नंतर माफीचा साक्षीदार झाला. त्याची उलटतपासणी करून दाखवा. परीक्षक म्हणून मी फुकट येतो, चहा तेवढा तुमच्याकडे.