माळ्यावर बर्फ, डोक्यात राख

ब्रिटनमधल्या घराच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, बर्फ शिरला की पहिला उद्योग काय, तर वळचणीच्या फटींत बोळे कोंबायचे. अहो, त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात! छपराचा उतार १५ अंशांहून जास्त असेल तर वळचणीला दोन्ही बाजूंनी सलग १० मिलिमीटर फट हवी, उतार त्याहून कमी असेल तर २५, असं तिथलं बीएस ५२५० हे मानक सांगतं. ग्लासवूलचा, म्हणजे ऊब धरून ठेवणाऱ्या काचेच्या लोकरीचा, उरलासुरला गुंडाळा तिथे दाबून बसवला की बर्फ थांबो न थांबो, माळ्याचा श्वास नक्की थांबतो. महिन्याभरात वाशांवर काळी बुरशी, आणि शिव्या मात्र हवामानाला.

बर्फ आत येतो कसा, याचा विचार करायची तसदीच कुणी घेत नाही. ओला, जड बर्फ कौलांवर चिकटून बसतो. आत शिरतो तो शून्याखालचा, कोरडा, पिठीसाखरेसारखा बर्फ, तोही बाहेर घोंघावतं वारं असेल तर. २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ या पूर्वेकडून आलेल्या थंडीच्या लाटेनं नेमकं हेच केलं. पाऊस एका कौलावरून दुसऱ्यावर खाली ओघळतो. हे पीठ वाऱ्याच्या जोरावर उलटं वर चढतं आणि दोन कौलांच्या मधून आत. वळचणीचं पाणी आढ्याला म्हणतात ते हे, अगदी शब्दशः. ज्या जुन्या घरांत कौलांखाली फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारं जाड अस्तरच, नाही ती तर चाळणीच. पूर्वी कौलांना आतून चुन्याचा गिलावा फासत, तोही कधीच झडून गेलेला. नंतरच्या घरांत काळं डांबरी फेल्ट असतं, आणि ते कुजतं बरोब्बर पन्हळीपाशी, कारण तिथेच त्याच्यावर ऊन लागतं. त्यासाठी अख्खं छप्पर उतरवायचं कारण नाही. खालच्या दोन-तीन ओळींची कौलं काढायची, कुजलेला पट्टा कापायचा, प्लास्टिकचे ईव्हज ट्रे, म्हणजे वळचणीच्या पट्ट्या, असे सरकवायचे की वरची कड चांगल्या फेल्टखाली जाईल आणि खालची पन्हळीत उतरेल, मग कौलं परत. पण कारागीर आला की शिडीवरूनच सांगणार, नवीन छप्पर घ्या.

आणि थंडीच्या मोसमात दोन-चार मुठी बर्फ आत आलाच, तर तो हवेशीर छपराचा कर समजा. ढीग साचला तर मात्र वितळायच्या आत उचला. तुळयांवर आडवी फळी टाका. दोन तुळयांच्या मधे फक्त साडेबारा मिलिमीटरचा प्लास्टरबोर्ड असतो, पाय पडला की थेट खालच्या पलंगावर. प्लास्टिकचं सुपडं, बादली, तोंडाला मास्क. वाऱ्यानं दाबून बसलेल्या बर्फाच्या दहा लिटरच्या बादलीत दोन-तीन लिटर पाणी असतं. दहा बादल्या आळस करून तशाच ठेवल्या तर ते पंचवीसेक लिटर पाणी लोकर पिणार, आणि तिचं ओझं घेऊन छताला पोट सुटणार. वर हीटर लावून बर्फ ‘वाळवणाऱ्यां’ना तर साष्टांग नमस्कार.

याहून संताप येतो तो गळती नसताना ‘छप्पर गळतंय’ म्हणून बोंब मारणाऱ्यांचा. पाऊस पडल्यावर एकाच जागी ओल येत असेल तर ती गळती. कडाक्याच्या रात्री खिळ्यांच्या टोकांवर हिमकण धरतात, फेल्टवर सगळीकडे सारखा ओलावा असतो, ऊन आलं की टपटप सुरू होते, तर ते पाणी वाफ होऊन खालून आलंय, तुमच्याच घरातून. रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे, कुकरच्या शिट्ट्या, अंघोळीची वाफ. बाथरूमचा पंखा निदान सेकंदाला १५ लिटर हवा ओढून बाहेर टाकायला हवा. निम्म्या घरांत त्याची नळी लॉफ्टमध्येच तोंड उघडं टाकून पडलेली! किंवा ती वळ्यावळ्यांची नळी झोळीसारखी लोंबते, पोटात पाणी साचतं, आणि पंख्यातून टपकलं की प्लंबरला फोन. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. कडक पाइप घ्या, त्याला इन्सुलेशन गुंडाळा, बाहेरच्या दिशेला थोडा उतार द्या आणि तोंड कौलातल्या व्हेंटमधून बाहेर काढा. लॉफ्टच्या झडपेला कडेनं दबणारी फोमची पट्टी लावा. छतातल्या स्पॉटलाइटांच्या भोकांवर आगरोधक टोप्या बसवा, नुसती लोकर पसरू नका.

लोकर हवीच, एकूण २७० मिलिमीटर: १०० तुळयांच्या मधे, १७० त्यांच्यावरून आडवी. वळचणीपाशी राफ्टर ट्रे, म्हणजे वाशांमधे हवेची वाट मोकळी ठेवणारे पत्रे, ठोका, म्हणजे लोकर फेल्टला चिकटणार नाही. पण एवढी लोकर घातली की खालची ऊब वर जात नाही आणि लॉफ्ट पूर्वीपेक्षा गार पडतो, हे सांगायला सगळे विसरतात. तिथली पाण्याची टाकी वरून आणि बाजूंनी झाका, बुडाखाली मात्र लोकर घालू नका, खालून येते तेवढीच ऊब तिला मिळते. पाइपांवर २५ मिलिमीटर जाडीचं फोम चढवा, कोपऱ्यांसकट. कोपरे नेहमी उघडे राहतात आणि पाइप नेमका तिथेच गोठतो.

वाशांवर आतून फोमचा फवारा मारून ‘कायमचा बंदोबस्त’ करणारे तर हात जोडून दारातूनच परत पाठवा. आत लाकूड कुजत असलं तरी दिसत नाही, आणि घर विकायला काढलं की फोम बघून बरेच बँकवाले कर्ज नाकारतात.

राहिला विमा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ‘वादळ’ म्हणजे ताशी ५५ मैलांचे झोत किंवा २४ तासांत फूटभर बर्फ. तुमच्या माळ्यावर दहा बादल्या आणि अंगणात चार इंच? मग आणा पट्टी आणि बसा मोजत.